तिवई आणि पवळी

तिवई कशाही जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. चार पायांचे मेज मात्र उंचसखल फरशीवर हटकून डुगडुगते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हा सिद्धांत शिकविताना तिवईचे हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात देत आलो आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत मात्र आठवीतील एका विद्यार्थ्याने त्यावर उठून विचारले, "सर, तीन पायांची वस्तू जर इतकी स्थिर असते, तर आपली पवळी का पडते?" वर्गात कोणी हसले नाही. पवळी सर्वांच्याच ओळखीची होती आणि तिचे पडणे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले होते.

पवळी ही आमच्या शाळेच्या आवारातील तांबूस रंगाची गावठी कुत्री. ती कोणा एकाची नव्हती, म्हणूनच सर्वांची होती. नाताळची सुटी संपून शाळा नुकतीच भरली होती आणि उसाचा हंगाम ऐन भरात होता. एके सायंकाळी फाटकासमोरच्या रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली तिचा पुढचा डावा पाय सापडला. आम्ही तिला पोत्याच्या झोळीत घालून खंबाटकीपलीकडे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. हाडाचा चुरा झाला होता; पाय राखणे शक्य नव्हते. डॉक्टरांनी तो खांद्यापासूनच काढला. अर्धा पाय राखला, तर कुत्रे तोच टेकावयास जाते आणि त्या खुंटाला वारंवार जखमा होतात. यास्तव बहुधा सबंध पायच काढतात, असे त्यांनी आम्हांस समजावून सांगितले.

पवळी परत आली तेव्हा आवारात दोन मते पडली. काही वडीलधारी मंडळी म्हणाली, की असे पांगळे जिणे तिच्या नशिबी लादण्यापेक्षा तिला शांतपणे मरण द्यावे, हीच खरी दया होय. त्यांच्या बोलण्यात निष्ठुरपणा नव्हता. जखमी जनावराचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. मुले म्हणाली, "आम्ही तिला उचलून फिरवू, तिला काही कमी पडू देणार नाही." मला ही दोन्ही मते पटेनात. पहिल्या मताप्रमाणे पवळीचे जगणेच संपत होते. दुसऱ्याप्रमाणे ते जन्मभर इतरांच्या खांद्यावर जात होते. डॉक्टरांनी निराळाच मार्ग सुचविला होता. ते म्हणाले होते, "ती तरुण आहे, उरलेले तिन्ही पाय निकोप आहेत. त्या पायांना बळ येईल असे पाहा. बाकीचे ती स्वतःच शिकेल."

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही फळ्यावर आकृती काढूनच शोधले. कोणताही पदार्थ उभा राहण्यास त्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा त्याच्या पायांमधील जागेत पडावा लागतो. तिवईचे पाय सारख्या अंतरावर आणि भार बरोबर मधोमध. म्हणून ती निश्चिंत असते. कुत्र्याचे तसे नाही. डोके, मान व छाती पुढे असल्यामुळे त्याच्या देहाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या दोहोंवर. पुढचा डावा पाय गेला, की उरलेल्या तीन पंजांचा त्रिकोण होतो खरा. परंतु देहाचा जड भाग त्या त्रिकोणाच्या मध्यावर न येता त्याच्या काठावर येतो. शिवाय तिवईला चालावयाचे नसते. पवळीने पुढचा पाय उचलला, की तिला पुढे आधारच उरत नाही. तात्पर्य, तिवईला स्थैर्य असते, पण तोल नसतो. तोल ही चालणाऱ्याची विद्या आहे. जो चालतो तो पावलोपावली तोल घालवितो आणि पावलोपावली परत मिळवितो.

पहिले दोन आठवडे केवळ विश्रांतीचे होते. टाके निघाल्यावर आम्ही कामास लागलो. सर्वांत मोठा शत्रू निघाली ती व्हरांड्यातील गुळगुळीत शहाबादी फरशी. तिजवर पवळीचा एकुलता पुढचा पाय घसरे आणि ती हनुवटीवर आपटे. आमच्या शिपाईमामांनी गोणपाटाच्या लांब पट्ट्या शिवून तिच्या वाटेवर अंथरल्या. तिची नखे कापली, कारण लांब नखांमुळे पंजा जमिनीला नीट चिकटत नाही. एवढ्याने तिचे पडणे पुष्कळ कमी झाले. अशक्तपणा वाटतो त्यातील काही भाग पायाखालच्या जमिनीचा असतो, हे मला त्या वेळी प्रथम उमगले.

नंतर व्यायाम आला. तो रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी पाचच मिनिटे. तीन मुलांची पाळी लावली होती. पहिला धडा नुसते उभे राहण्याचा. एकाने भाकरीचा तुकडा तिच्या नाकासमोर धरावयाचा आणि तो हळूहळू वर, मग उजवीकडे, मग डावीकडे न्यावयाचा. पावले न हलविता मान वळविताना तिला देहाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागे. दहा अंक मोजून होईतो ती उभी राहिली, की तुकडा तिचा. दुसरा धडा बसण्याउठण्याचा. त्याने मागच्या मांड्यांना बळ येते. तिसरा धडा घडी घातलेल्या जुन्या गादीवर उभे राहण्याचा. मऊ गादी पायाखाली दबते, म्हणून अंगातील लहानसहान स्नायूंनाही जागे राहावे लागते. चौथा धडा बांबूच्या काठ्यांचा. त्या जमिनीवर हातभर अंतराने ठेवून तिला त्यांवरून सावकाश नेत असू. पाऊल कोठे पडते याचे भान त्याने येते.

चढउताराचाही अभ्यास करावा लागला. चढावर भार मागच्या पायांकडे जातो, तर उतारावर तो पुढच्या पायावर येतो. म्हणून तिला लहानशा चढावर नेत असू. उतरताना मात्र छातीखालून जुन्या पंचाचा पट्टा घालून आधार देत असू. एप्रिलमध्ये कृष्णेचे पाणी उथळ व संथ झाले, तेव्हा मी स्वतः बरोबर जाऊन तिला घाटाशेजारी छातीभर पाण्यात चालविले. पाणी देहाचा बराच भार आपणच उचलते आणि पायांस काम मात्र करावे लागते. व्यायाम झाल्यावर एकजण तिचा खांदा व पाठ हलक्या हाताने चोळी आणि पुढच्या पायाचे मनगट गरम लागते काय, सुजले आहे काय, हे पाही. पाय कापू लागला, धाप लागली किंवा ती मधेच बसली, की त्या दिवसाचा पाठ संपला; असा आमचा नियम होता.

मुलांना दोन गोष्टी पटवून देणे कठीण गेले. पहिली खाण्याची. मधल्या सुटीत जो तो दयेने तिला बिस्किटे घाली. महिन्याभराने मी तिला कडेवर घेऊन किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर उभा राहिलो आणि मग एकट्याचे वजन केले. वजाबाकी मुलांनीच केली. ती १७ किलोची होती. आता १९ किलोंवर गेली होती. हे दोन किलो कोणी वाहावयाचे, असा प्रश्न मी विचारला. उत्तर देण्याऐवजी एका मुलीने हातातील बिस्किटाचा पुडा दप्तरात ठेवून दिला. त्या दिवसापासून तिचे खाणे मोजून ठरले आणि भाकरीचे तुकडे व्यायामाच्या वेळीच मिळू लागले. जूनपर्यंत हात फिरविताच तिच्या फासळ्या बोटांना सहज लागू लागल्या. तीन पायांच्या कुत्र्याचे अंग असेच सडसडीत हवे.

दुसरी गोष्ट वेगाची. पवळी उड्या मारीत भरधाव पळे, तेव्हा मुले टाळ्या पिटीत आणि म्हणत, "सर, बरी झाली!" वस्तुतः तीन पायांवर पळणे सोपे आणि सावकाश चालणे अवघड. आपल्या क्रीडामहोत्सवात मंद सायकलची शर्यत असते, ती आठवा. जोरात सायकल हाकणारी किती तरी मुले तेथे दहा पावलांत पाय टेकतात. वेगात तोलाची उणीव झाकली जाते. मंद गतीत ती उघडी पडते. म्हणून आम्ही तिला दोरीने धरून मुद्दाम सावकाश चालवीत असू. प्रथम ती चार पावलांत थांबे. हळूहळू ती पुढचा पाय छातीच्या मधोमध टेकू लागली. हे तिला कोणी शिकविले नव्हते. फळ्यावरचा आमचा त्रिकोण तिने आपल्या देहाने सोडविला होता.

मध्यंतरी निराशेचे दिवसही आले. मेच्या सुटीत आवार ओस पडले, पाळ्या मोडल्या, आणि शिपाईमामा व मी दोघेच उरलो. पहिल्या पावसाच्या चिखलात ती पुन्हा दोनदा पडली व आठवडाभर पाऊल पुढे टाकीना. ज्यांनी मरण सुचविले होते, त्यांतील एक वृद्ध गृहस्थ त्या आठवड्यात रोज सायंकाळी येऊन तिच्याजवळ बसत. ते काही बोलत नसत, पण एके दिवशी त्यांनीच पंचाचा पट्टा हाती घेतला आणि विचारले, "हा किती ताणून धरायचा?" मी सांगितले, "सैलच ठेवा. ती पडू लागली तरच ताणा."

जुलैतील एका दुपारी पवळी व्हरांड्यात बसली होती. तिच्या डाव्या कानाशी माशी घोटाळत होती. पुढच्या एकाच पायावर भार देऊन तिने मागचा डावा पाय उचलला आणि कान खाजविला. याच प्रयत्नात ती पूर्वी प्रत्येक वेळी डाव्या कुशीवर कोसळली होती. या खेपेस ती पडली नाही. कान खाजवून झाल्यावर तिने जांभई दिली. मुलांनी मात्र ती वार्ता मधल्या सुटीत सर्व वर्गांत पोहोचविली.

पवळीला चौथा पाय आला नाही. तिच्या पुढच्या मनगटावर जन्मभर जादा काम पडणार आहे. लांबची दौड व उंचावरून उडी तिला वर्ज्यच आहे. तथापि आपले पाणी, आपली सावली आणि आपले माणूस येथवर ती स्वतःच्या पायांनी जाते. मला वाटते, बळ म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी अडखळताना दिसला, की त्याचे ओझे उचलावे असे तुम्हांस वाटते. ही भावना चांगली आहे, ती जपा. परंतु तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या पायाखालची फरशी निसरडी नाही ना, हेही पाहा. आणि पालकहो, आपल्या मुलांची गणिते सोडवून देणे, त्यांची दप्तरे वाहणे, त्यांच्या वतीने उत्तरे देणे हे सर्व प्रेमापोटीच घडते, हे मी जाणतो. कडेवर घेण्यास प्रेम पुरते. पट्टा सैल सोडून हात सावध ठेवण्यास मात्र प्रेमाबरोबर धीरही लागतो, आणि तो रोज थोडा थोडा, पाच पाच मिनिटेच, साठवावा लागतो.