अभिरूप आणि तोतया

खऱ्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या नकलीला मराठीत निदान दोन नावे आहेत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून पुढे आला तो तोतया, तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये भरते ते अभिरूप न्यायालय. तोतया फसवायला येतो. अभिरूप सर्वांच्या संमतीने उभे राहते. संगणकाच्या आज्ञावलीची चाचणी घेताना 'मॉक' नावाची जी नकली वस्तू वापरतात, तिला यांपैकी कोणते नाव शोभेल, असा प्रश्न आम्हांस पडला.

आमच्या नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण कल्पू. लासलगावी कांद्याचा लिलाव झाल्यावर शेतकऱ्याची रक्कम बँकेत पाठवणारी एक आज्ञावली आहे. वजन, भाव आणि कपात यांचा हिशेब ती बरोबर करते का, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी दरवेळी खऱ्या बँकेत खरे पैसे कोण पाठवणार? म्हणून नकली बँक. जावा भाषेतली 'मॉकिटो'सारखी लायब्ररी ती दोन-चार ओळींत घडवून देते. अमुक रक्कम आली की 'जमा' म्हण, असे तिला आधी पढवायचे. चाचणी संपल्यावर, तुला किती वेळा हाक मारली, रक्कम कोणती सांगितली, हे तिलाच विचारायचे. म्हणजे ती पढवलेला साक्षीदारही आहे आणि नोंद ठेवणारा कारकूनही.

अशा सर्व नकली वस्तूंना जेरार्ड मेझारोस यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात 'टेस्ट डबल' म्हटले, ते चित्रपटातल्या स्टंट डबलवरून. नाशिककरांना हे नाते परके वाटू नये. नाशकात बिऱ्हाड हलवल्यावर दादासाहेब फाळके यांनी काढलेल्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. पुरुषाने सीता होणे हा त्या काळचा संकेत होता. त्यात फसवणूक नव्हती.

फसवणूक सुरू होते ती संकेताचा विसर पडल्यावर. खरी बँक कधी गप्प राहते. कधी पैसे जमा करते, पण तसा निरोप परत येत नाही. नकली बँक असे करीत नाही, कारण तसे तिला कोणी पढवलेलेच नसते. मग सगळ्या चाचण्या उत्तीर्ण आणि शेतकऱ्याचे खाते रिकामे, असेही घडू शकते. नकली बँक आपल्याला बँकेविषयी काही सांगत नाही. बँकेविषयीची आपलीच समजूत परत ऐकवते.

१९६७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातही न आलेल्या नटाच्या जागी सामंत साक्षीला उभा राहतो आणि हातातल्या कादंबरीतून साक्ष वाचतो. ज्यांच्याविषयी एवढे बोलले जाते ते प्रा. दामले शेवटपर्यंत येत नाहीत. खटला लुटुपुटूचा, पण बेणारेबाईंना बसणारा घाव खरा.

म्हणून जाणते लोक नकली बँकेला पढवलेली उत्तरे खऱ्या बँकेच्या चाचणी-व्यवस्थेशी अधूनमधून ताडून पाहतात. हे होते तोवर 'मॉक'ला अभिरूप म्हणावे. ते थांबले की तोतया. आणि 'येथे वाचकाला असे वाटते' असे आपण वर्गात किंवा समीक्षेत म्हणतो, तेव्हा तो वाचकही आपणच पढवलेला असतो. त्याची उत्तरे समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी शेवटची कधी ताडून पाहिली, हे ज्याचे त्याने आठवावे.