बदलीच्या बाई

१९६४ साली मी तिसरीत असताना आमच्या वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि तीन महिन्यांसाठी बदलीच्या बाई आल्या. पावकी, निमकी, दीडकी त्यांना मुखोद्गत होत्या. आमचा पाढा चुकला की फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर बसे. (शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई करणारा शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, तोवर आमची नातवंडे शाळेत जाऊ लागली होती.)

मार आम्ही सोसला. कठीण होते ते निराळेच. उत्तर वसईतील आम्हा मुलांची घरची बोली सामवेदी, जिला कादोडी असेही म्हणतात. बाईंना ती वर्गात खपत नसे. प्रमाण मराठी आम्हांला वाचता येई. परंतु पोट दुखते आहे, हे त्या भाषेत कसे सांगावे ते अनेकांना सुचत नसे. वर्ग मुका झाला. बाईंनी त्यालाच शिस्त मानले.

मागच्या बाकावरील एका मुलीला तर प्रमाण मराठीचे एक वाक्यही धड जमत नसे. तिच्यासाठी आम्ही खुणा ठरविल्या. कानाची पाळी धरली की तहान, पाटी उलटी ठेवली की बाहेर जायचे. मग कोणीतरी उभे राहून तिच्या वतीने शुद्ध मराठीत परवानगी मागे. बाईंना हे उमगले असावे. कारण एके दिवशी पाटी उलटी होताच, कोणी उठण्यापूर्वीच, त्यांनी दाराकडे मान हलविली. फूटपट्टी मात्र टेबलावरच राहिली.

जुन्या बाई परतल्या, त्यांना आमची बोली चालत असे. तरीही कित्येक दिवस ती मुलगी काही न बोलता पाटीच उलटी ठेवी.