आहेरात आलेली बोट

म्युझियम पाहायला जायचे म्हटले की माझ्या पोटऱ्या आदल्या रात्रीपासूनच दुखायला लागतात. पण डब्लिनच्या या म्युझियमला तिकीट नाही हे कळल्यावर त्यांनीही फारशी कुरकुर केली नाही. फुकट मिळणारा इतिहास कोण सोडतो? शिवाय ट्रामच्या स्टॉपचे नावच 'म्युझियम'. म्हणजे चुकून दुसरीकडे जायचीही सोय नाही.

आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ही शाखा 'शोभिवंत कला आणि इतिहास' यांना वाहिलेली आहे. जोडी जरा विजोडच. आमच्या घरी शोभेच्या वस्तू शोकेसमध्ये असतात आणि इतिहास हिच्या तोंडी असतो. दोन्ही एकत्र आले की मी पायात चपला सरकवतो.

आणि हे सगळे मांडले आहे कुठे, तर लष्कराच्या बराकीत! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या या करड्या दगडी इमारतींचे नाव होते रॉयल बॅरॅक्स. १७९८ च्या उठावातला वुल्फ टोन इथल्याच कोठडीत मेला. १९२२ साली इंग्रज फौज गेली, बराकीला मायकेल कॉलिन्सचे नाव मिळाले, आणि १९९७ पासून तिथे चहादाण्या आणि चमचे पहाऱ्यावर उभे आहेत. जाचक घरमालक एकदाचा गेला म्हणून त्याच्याच दिवाणखान्यात पापडांचे वाळवण घालावे, तसे मला ते वाटले. फार आवडले.

चांदीची भांडी मी भराभर उरकली. चांदीपुढे फार वेळ उभे राहिले की हिच्या मनात विचार येऊ लागतात. आयलीन ग्रे या बाईंच्या दालनात मात्र ही थबकली. १८७८ साली एनिस्कॉर्थीत जन्मलेल्या या बाईंनी पॅरिसला जाऊन नाव काढले. त्यांच्या एका प्रसिद्ध खुर्चीला एकच हात आहे. बसणाऱ्याला हालचाल मोकळेपणी करता यावी म्हणून दुसरा दिलेलाच नाही.

"अहो, ही तर आपल्याकडे आहे," ही म्हणाली.

"आपल्या खुर्चीचा हात गेल्या दिवाळीत निखळला."

"मग? बसायला मोकळे वाटते की नाही?"

यावर काय बोलणार! पुढे फॉन्टहिल फुलदाणी होती. चिनी मातीच्या ज्या वस्तू युरोपात आल्याचा लेखी पुरावा आहे, त्यांतली ही सर्वांत जुनी. चौदाव्या शतकात निघालेली ही बया राजेरजवाड्यांच्या घरी पाहुणचार घेत १८८२ च्या एका लिलावातून डब्लिनला पोचली. वाटेत अंगावरचे चांदीचे दागिने गेले, पण स्वतः शाबूत. "तुम्ही धुवायला घेतली नसेल," एवढेच हिचे मत पडले.

सैनिकांच्या दालनात मात्र आम्ही दोघेही गप्प झालो. इंग्रजांच्या लाल डगल्यात कितीतरी आयरिश पोरे आपल्याकडे आली, आणि त्यांनी बंदुका आपल्यावरच रोखल्या. पण १९२० साली जालंधरला कॉनॉट रेंजर्समधल्या आयरिश शिपायांनी, घरी आयर्लंडमध्ये काय चालले आहे ते ऐकून, हुकूम मानायचे नाकारले. त्याच पलटणीतल्या जेम्स डॅलीला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. डगला तोच. काचेपलीकडच्या त्या डगल्यांकडे रागाने पाहावे की कसे, ते माझे मला ठरेना.

आणि मग एका मोठ्या दालनात चक्क बोट! पन्नासएक फुटांची 'आसगार्ड'. ही बोट अर्स्किन चिल्डर्स आणि मॉली या जोडप्याला लग्नात सासरेबुवांकडून आहेर म्हणून मिळाली होती. (आम्हाला सात लेमन सेट आले होते.) जुलै १९१४ मध्ये या दोघांनी तिच्यातून आयरिश स्वयंसेवकांसाठी सुमारे नऊशे रायफली हौथ बंदरात आणल्या. केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून रायफलींवरच गाद्या अंथरल्या. मॉलीला लहानपणापासून नीट चालता येत नसे. पण बंदरात शिरताना सुकाणूवर होती तीच.

पुढचे वाचायला मी चष्मा पुसून घेतला. १९२२ मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहावरून आयरिश लोक आपापसांतच लढले. कॉलिन्स तहाच्या बाजूचा, चिल्डर्स विरोधात. ऑगस्टमध्ये कॉलिन्स मारला गेला. नोव्हेंबरात चिल्डर्सला नव्या आयरिश सरकारनेच गोळ्या घातल्या. गुन्हा एवढाच की त्याच्याजवळ एक लहानसे पिस्तूल सापडले. ते म्हणे पूर्वी कॉलिन्सनेच त्याला भेट दिले होते. आज त्याची बोट कॉलिन्सच्या नावाच्या बराकीत मुक्कामाला आहे.

गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक शिपायाशी चिल्डर्सने आधी हस्तांदोलन केले. आणि सोळा वर्षांच्या मुलाकडून वचन घेतले, की माझ्या मृत्युदंडावर ज्यांनी सह्या केल्या त्यांचे हात तू हातात घ्यायचे. तो मुलगा १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

ही बोटीपाशी बराच वेळ उभी होती. मी म्हटले, "चल, चहा घेऊ."

"थांबा हो," ती म्हणाली. "नऊशे बंदुकांवर त्या बाईला झोप कशी लागली असेल, ते बघते आहे."