भरतीचे तळे

गतवर्षी मार्च महिन्यात शिक्षकांच्या एका मंडळीसमवेत आम्हांस जपान देश पाहण्याचा योग आला. परत आल्या दिवसापासून आमचे विद्यार्थी आम्हांस तेथील आगगाड्यांचा वेग आणि इमारतींची उंची विचारीत आहेत. त्यांची जिज्ञासा आम्ही वर्गात यथाशक्ति पुरवीतच आहो. परंतु आमच्या मनात घर करून राहिले आहे ते टोकियो शहरातील समुद्रकाठचे एक उद्यान, आणि त्यातही तेथील पाण्याचा एक दरवाजा.

या उद्यानास हामा-रिक्यू म्हणतात. हामा म्हणजे समुद्रकिनारा आणि रिक्यू म्हणजे राजाचा दुय्यम वाडा. पूर्वी येथे बोरूचे रान माजलेली दलदल होती आणि शोगुन, म्हणजे त्या देशाचे लष्करी अधिपती, ससाणे घेऊन तेथे शिकारीस येत. १६५४ साली चौथ्या शोगुनाचा धाकटा भाऊ मात्सुदाइरा त्सुनाशिगे याने उथळ समुद्रात भर घालून तेथे वाडा बांधिला. त्याचा पुत्र इएनोबु पुढे सहावा शोगुन झाला, आणि ही जागा शोगुनांच्या घराण्याकडे आली. १७०९ साली त्याने उद्यान नव्याने सजविले, त्या वेळी लावलेला एक पाइन जातीचा वृक्ष आजही प्रवेशद्वाराजवळ उभा आहे. उभा म्हणणे खरे तर धाडसाचे आहे. त्याच्या फांद्या जमिनीलगत दूरवर पसरल्या असून ठिकठिकाणी लाकडी टेकूंवर विसावल्या आहेत; एखादा फार वृद्ध मनुष्य नातवंडांच्या खांद्यांवर हात टाकून बसावा तसा तो दिसतो.

मुलांस आवडेल अशी एक हकीकत येथेच सांगून टाकतो. १७२९ साली व्हिएतनाम देशाहून आलेला एक हत्ती, नागासाकी बंदरापासून पायी चालत, आठव्या शोगुनाच्या भेटीस या नगरीत आला आणि त्याचा मुक्काम याच उद्यानात सुमारे बारा वर्षे होता. हत्ती पाहिलेला मनुष्य ज्या देशात विरळा, तेथे त्याला काय खाऊ घालावे याची चिंता कोणी वाहिली असेल, हा विचार आमच्या मनात वारंवार येई. असो.

या सुमारे पंचवीस हेक्टर भूमीच्या मध्यभागी जे मोठे तळे आहे, त्याचे पाणी खारे आहे. टोकियोच्या उपसागरातून ते आत येते आणि परत जाते. भरती-ओहोटीचा अदमास घेऊन दरवाजा उघडितात आणि मिटितात, त्यामुळे तळ्याचे पाणी बदलत राहते आणि काठचे खडक दिवसातून कधी झाकलेले, कधी उघडे असे दिसतात. तळ्यात बोय मासे उड्या मारताना आम्ही स्वतः पाहिले. समुद्राचे पाणी खेळविणारी जुन्या काळची तळी त्या शहरात आणखीही होती. आज मात्र हे एकटेच उरले आहे.

हा दरवाजा पाहून आमचे पाय जागीच थबकले, याचे कारण आमच्या आजोळी आहे. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमच्या आजोबांची भातशेती होती. खारजमिनीच्या बांधात जो दरवाजा असतो त्यास तिकडे उघाडी म्हणतात. भरतीच्या रेट्याने तिची झडप मिटते आणि ओहोटीला आतील पावसाचे पाणी तिला लोटून बाहेर पडते. तेथे समुद्र हा शत्रू. त्याचा एक घोट शेतात शिरला तरी भात करपते.

आम्ही दहा वर्षांचे असताना शाळेसाठी आजोळी राहात होतो. श्रावणातील उधाणाच्या दिवशी आजोबांस ताप होता, त्यांनी आम्हांस सांगितले, "जा, झडपेत काही अडकले नाही ना, ते पाहून ये." आम्ही निघालो ते सोबत्यांसह चिंबोऱ्या धरण्यास गेलो, आणि संध्याकाळी येऊन सांगितले, "पाहून आलो." त्या रात्री खारे पाणी शेतात भरले. पुढील दोन पावसाळे त्या तुकड्यात धड पीक आले नाही. गावाने कारण विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, "खेकड्याने बांध पोखरला." आम्ही ऐकत होतो. आम्ही महाविद्यालयात असताना ते देवाघरी गेले, तोवर आमच्या तोंडून सत्य निघाले नाही.

दरवाजापासून निघून आम्ही बदकांच्या शिकारीच्या जागेकडे गेलो. अशा दोन जागा तेथे १७७८ व १७९१ सालांपासून आहेत. मातीच्या बांधाआड माणूस दडून राही आणि लहानशा भोकातून पाहात असे. माणसाळलेली बदके दाण्याच्या लोभाने अरुंद चरात शिरत, रानबदके त्यांच्या मागोमाग येत, आणि मग जाळी अथवा ससाणे आपले काम करीत. जवळच एक दगड उभा आहे. येथे मारल्या गेलेल्या बदकांच्या आत्म्यांस शांती लाभावी म्हणून तो १९३५ साली उभारिला. पक्ष्यांच्या आत्म्यांविषयी आमचा धर्म निराळे शिकवितो. तथापि आपण फसवून मारिले एवढे तरी कोणी दगड उभारून कबूल केले होते. आम्ही त्या दगडापुढे बराच वेळ उभे राहिलो.

१९२३ चा भूकंप आणि पुढे महायुद्धातील बाँबवर्षाव यांनी येथील वाडे व चहागृहे नष्ट केली. १९४५ साली राजघराण्याकडून हे उद्यान शहरास मिळाले आणि एप्रिल १९४६ मध्ये सर्वांस खुले झाले. तळ्यातील बेटावरचे चहागृह १९८३ साली पुन्हा बांधिले. तेथे बसून आम्ही कडवट हिरवा चहा घेतला. एका बाजूस पिवळ्या मोहरीसारख्या फुलांचे शेत बहरलेले, त्यामागे आकाशास भिडणाऱ्या काचेच्या इमारती, आणि समोर पाणी हळूहळू चढत होते.

त्या सायंकाळी आम्ही आईस दूरध्वनी केला आणि चौतीस वर्षे उराशी धरलेली गोष्ट तिला सांगितली. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "अरे, बाबांना ठाऊक होतं. झडपेतलं लाकूड त्यांनीच तर सकाळी ओढून काढलं. मला म्हणाले, पोराला विचारू नकोस, तो आपणहून सांगेल."

आमच्याने काही बोलवेना. तेव्हा तिनेच विचारले, की त्या तळ्यातले बोय केवढाले होते.