जिन्यातील दहा मिनिटे

दक्षिण इस्रायलमधील स्देरोत या गावाची पोलीस चौकी ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या सशस्त्र माणसांनी ताब्यात घेतली आणि त्यानंतरच्या लढाईत ती जमीनदोस्त झाली, तेव्हा गावाच्या आठवणींच्या एका ओबडधोबड संग्रहालयाशी जोडलेली इमारतही गेली; कारण या चौकीच्या आवारात गावावर पडलेल्या कस्साम रॉकेटांची गंजकी नळकांडी मांडून ठेवलेली असत आणि येणाऱ्या पाहुण्यांना ती आवर्जून दाखवली जात. कस्साम म्हणजे साध्या लोखंडी नळीत साखर आणि सोरा यांचे इंधन भरून घडवलेले, दिशा राखण्याची कोणतीही यंत्रणा नसलेले रॉकेट होय. २००१ पासून ते या गावावर येऊ लागले, आणि त्याला नेम नव्हता हेच त्याचे क्रौर्य होते, कारण ज्याला नेम नाही त्याच्यापासून कोणत्याही वाटेने, कोणत्याही वेळी सुटका नसते.

गाझाच्या सीमेपासून स्देरोत जेमतेम किलोमीटरभर दूर असल्यामुळे इशारा आणि आघात यांच्यामध्ये येथे पंधरा सेकंद मिळतात. अधिक दूरच्या अश्कलोनला तीस आणि बीरशेबाला साठ. या पंधरा सेकंदांनी गावाच्या अंगवळणी काय पाडले, ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. गाडीतून चटकन उतरता यावे म्हणून पट्टा न बांधणे, आंघोळ लवकर उरकणे, रस्त्याने जाताना पुढचा आडोसा नजरेने हेरून ठेवणे या सवयी हळूहळू स्वभावाचाच भाग झाल्या, आणि मुलांच्या खेळाच्या मैदानात काँक्रीटचा जाड बोगदा सुरवंटासारखा रंगवून ठेवावा लागला, ज्यात धावत शिरणे हाही मुलांना खेळच वाटावा.

तरीही सेकंदांचा हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही, आणि या विषयावरील लेखनात नेमके हेच दुर्लक्षित राहते. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रे इस्रायलवर पडल्यानंतर नव्या प्रत्येक घरात ‘ममाद’, म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंती आणि पोलादी दार असलेली सुरक्षित खोली, कायद्याने सक्तीची झाली. पुढे सरकारने सीमेलगतच्या स्देरोतमधील जुन्या घरांनाही अशा खोल्या जोडून दिल्या. परंतु थोड्या अधिक अंतरावरील अश्कलोनमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत स्थलांतरितांसाठी घाईने उभारलेल्या अनेक इमारती तशाच राहिल्या. याच काळात रायगड जिल्ह्यातील आणि मुंबईतील बेने इस्रायल, म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेले मराठीभाषक ज्यू, मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, अश्कलोन अशा गावांत स्थिरावले. गावाच्या नावावरून पडलेली ‘कर’ प्रत्ययाची आडनावे, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा हा विधी त्यांनी तेथेही जपला, आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथे चालवले.

अश्कलोनमधील अशा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणारी, त्यांच्यापैकीच एक आजी कल्पावी. घरात ममाद नाही, इमारतीला लिफ्ट नाही. नियम सांगतो की अशा रहिवाशांनी आतल्या जिन्यात यावे आणि डोक्यावर किमान दोन मजले राहतील इतके खाली उतरावे. भोंगा वाजल्यावर ती खुर्चीतून उठते, काठी शोधते, कठड्याला धरते. तिच्या गुडघ्यांना तीस सेकंदांत दाराबाहेरचे वळणही गाठवत नाही, आणि बाजूने उतरणारे तरुण शेजारी तिच्यासाठी थांबावे की पुढे जावे, या पेचात क्षणभर अडखळतात. मग कोणी मोरोक्कोहून आलेली शेजारीण तिचा दंड धरते, पायरीवर बसवते, आणि इशाऱ्यानंतर थांबण्याची ठरलेली दहा मिनिटे दोघी तेथेच काढतात. भोंगा दिवसातून पाच वेळा वाजला तर ती पाच वेळा उतरेल काय? दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेनंतर ती खुर्चीतच बसून राहते, आणि तिच्या या बसून राहण्याला धैर्य म्हणून गौरवणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. ती थकलेली असते, एवढेच.

स्देरोतची चौकी हमासने घेतली त्याच दिवशी, ७ ऑक्टोबरच्या सकाळी, मृत समुद्राच्या सहलीला निघालेल्या वृद्धांची छोटी बस स्देरोतमध्ये थांबली होती, आणि त्यांपैकी तेरा जण बसथांब्यापाशी मारले गेले. आकाशातून येणाऱ्या वस्तूंसाठी घडवलेले काँक्रीट रस्त्यावरून चालत आलेल्या बंदुकांपुढे निरुपयोगी होते, आणि त्या वयात पळणे शक्य नव्हते.

स्देरोतच्या टेकडीवरून उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गाझात तर भोंगेही नाहीत आणि सार्वजनिक निवारेही नाहीत. तेथील नागरिकांना काही वेळा दूरध्वनीवरून किंवा पत्रकांतून घर सोडण्यास सांगितले जाते, पुष्कळदा तेही नाही. आणि तेथेही वरच्या मजल्यावर गुडघे धरून बसलेली आजी असते, जिला खाली नेऊन ठेवावे अशी सुरक्षित जागा संपूर्ण इमारतीत नसते. दोन्हीकडच्या दुःखाचे माप एक नाही, गाझातील मृतांची संख्या कितीतरी पटींनी मोठी आहे. पण दोन्हीकडे युद्धाची गती म्हाताऱ्या पावलांचा विचार न करता ठरवली गेली आहे.

अश्कलोनच्या कित्येक जुन्या इमारतींत सुरक्षित खोली आजही नाही.