सेकंडहॅण्ड गाडी, फर्स्टक्लास ताम्हिणी

जुनी डिझेल एसयूव्ही घ्यायची म्हणजे सोसायटीभोवती दोन चकरा मारायच्या आणि ‘मस्त आहे हं’ म्हणायचं? छे! आम्ही तिला थेट कोकणात नेली. बाजूच्या सीटवर होते एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलेले बाबा!

शनिवारची पहाट. साडेपाच वाजलेत. कोथरूडच्या एका पार्किंगमध्ये बाबा डस्टरच्या बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभे. गाडीची पूजाबिजा चाललीय असं वाटून वॉचमनकाका चप्पल काढायच्या बेतात होते.

‘‘थंड आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता मार स्टार्टर.’’

पहिला धडा इथेच मिळाला. जुनी डिझेल गाडी बघायला जाल, तेव्हा इंजिन थंड हवं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी सुतासारखी सुरू होते आणि तिची दुखणी झाकली जातात. थंड इंजिन मात्र खोटं बोलत नाही. आमची डस्टर एका झटक्यात सुरू झाली, जराशी थरथरली, मागे धुराचा हलकासा फुगारा सोडला आणि मिनिटभरात शांत झाली. काळा धूर नाही, निळा तर नाहीच. निळा दिसला असता तर इंजिन ऑइल पितंय असं समजून आम्ही तिथूनच चहा प्यायला गेलो असतो.

गाडी मैत्रिणीच्या दादाची. २०१५ सालचं मॉडेल, ९२ हजार किलोमीटर झालेले, किंमत साडेचार लाख. दादा दहा दिवसांत जर्मनीला चाललेला आणि दुसरं एक गिऱ्हाईक दारात उभं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. तुमच्या पॅकेजपुढे साडेचार लाख किरकोळ असतील, पण फ्रीलान्सिंग करणारीसाठी ती दोन-अडीच वर्षांची बचत असते. त्यात महिनाभरात इंजिन बसलं, तर गाडीही गेली आणि बचतही! म्हणून डिपॉझिट ठेवून, इन्शुरन्स चालू असल्याची खात्री करून, दोन दिवसांसाठी गाडी मागून घेतली. पुणे–ताम्हिणी–दिवेआगर–श्रीवर्धन आणि परत.

कागदावरची डस्टर

आधी थोडी कुंडली. डस्टर मूळची रोमानियातल्या डाचिया कंपनीची, २०१० सालची. भारतात ती जुलै २०१२ मध्ये रेनॉच्या नावाने आली, चेन्नईजवळच्या ओरगडम कारखान्यातून. तिचं १४६१ सीसीचं डिझेल इंजिन तर महाराष्ट्राच्या ओळखीचंच. २००७ साली नाशिकला बनायला लागलेल्या महिंद्रा-रेनॉ लोगनमध्ये ते होतं, पुढे निसानच्या मायक्रा, सनी आणि टेरानोतही आलं. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ही बातमी चांगली. इंजिन जितक्या गाड्यांत, तितके त्याला हात लावलेले मेकॅनिक जास्त.

हे इंजिन दोन ताकदींत मिळायचं. ८५ पीएसला पाच गिअर, ११० पीएसला सहा. आमची ११० वाली. कमाल टॉर्क २४५ न्यूटन मीटरच्या आसपास, पण तो मिळतो इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या वर गेल्यावर. त्याखाली गाडी पेंगते. ८५ वाली कमी ताकदीची, पण लवकर जागी होणारी. त्यामुळे रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्यांना ती जास्त सोयीची. ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर, डिकी ४७५ लिटरची. म्हणजे चार जणांचं सामान, वर नारळाचं पोतं!

आणि हो, एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स नियम आले आणि रेनॉने भारतात डिझेल बंद केलं. २०२२ मध्ये ही पहिली डस्टरच बनायची थांबली. तेव्हा ही डिझेल डस्टर घ्यायची तर जुनीच घ्यावी लागते, आणि जुनी म्हटलं की प्रत्येक गाडीची कहाणी वेगळी.

मुळशीच्या काठाने

चांदणी चौक मागे पडला, पिरंगुटचा छोटा घाट आला. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला लागले आणि गाडी ढिम्म! बाबा हसले. ‘‘अगं, झोपलीय ती. दुसरा टाक.’’ दुसरा टाकला, काटा दोन हजारांवर गेला आणि कोणीतरी मागून ढकलल्यासारखी डस्टर सुटली. यालाच म्हणतात टर्बो लॅग. हा काही बिघाड नाही, हा या गाडीचा स्वभाव. तो आधी कळला तर संसार सुखाचा होतो.

पौड ओलांडलं की रस्ता मुळशी धरणाच्या पाण्याला बिलगतो. ऑक्टोबरची सकाळ, पाण्यावर धुकं, उतारांवर उरलीसुरली पिवळी सोनकी. इथे काच खाली घ्यायचीच. टाटांच्या या धरणासाठी जमिनी बुडणार म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे मुळशी सत्याग्रह झाला होता. आज त्याच पाण्यापाशी आपण सेल्फी काढतो.

पावसाळ्याने रस्त्याची चाळण केलेली. मी खड्डे चुकवायला लागले, तर बाबांचं फर्मान : ‘‘चुकवू नकोस, हळू घाल. आपण गाडी तपासायला आलोय.’’ डस्टरने खड्डे अक्षरशः गिळले. हे तिचं खरं बलस्थान. लहान गाडी जिथे कपाळ आपटते, तिथे ही नुसती मान डोलावते. पण डाव्या पुढच्या चाकाकडून बारीक ‘कट-कट’ येत होती. बाबांनी खिशातली डायरी काढली. ‘‘लिंक रॉड. लिहून ठेव.’’

उतारावरची परीक्षा

पुण्याकडून जाताना ताम्हिणीचा खरा घाट उतरावा लागतो. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये वळणांमागून वळणं. बाबांनी एकच नियम सांगितला, एसटीच्या ड्रायव्हरांचा पाठ असलेला : ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, पाय फक्त मदतीला.

पाचव्या-सहाव्या वळणावर ब्रेक मारला, तर स्टिअरिंग हातात थरथरलं. पुन्हा मारला, पुन्हा थरथर. ब्रेक लागत होते, पण पुढच्या डिस्क वाकड्या झाल्या होत्या. डायरीत दुसरी नोंद. सोसायटीभोवतीच्या दोन चकरांत हे कळलं असतं?

खाली विळे, मग निजामपूर, मग माणगाव. माणगावात मुंबई–गोवा महामार्ग आडवा येतो आणि तिथलं ट्रॅफिक म्हणजे लक्ष्मी रोड, दिवाळीच्या आदल्या दिवशी! पाऊण तास एसी लावून जागच्या जागी. माझी चिडचिड चाललेली, बाबांची नजर तापमानाच्या काट्यावर. तो मधूनमधून हलला, पण वर चढला नाही. कूलिंग पास.

बोर्लीचे मेस्त्री

म्हसळ्याहून दिवेआगरला पोचलो, तर दुपार. सुपारीच्या वाड्या, लाल मातीच्या गल्ल्या आणि घरगुती खानावळीतले उकडीचे मोदक. हे गाव लोकांना माहीत झालं ते १९९७ साली जमिनीत सापडलेल्या गणपतीच्या सोन्याच्या मुखवट्यामुळे. २०१२ साली तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. संध्याकाळी दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याचा रस्ता धरा. आरवी, शेखाडी, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला सूर्य बुडवणारा समुद्र. पेशवाईतले पहिले भट, बाळाजी विश्वनाथ, याच श्रीवर्धनचे.

पण ट्रिपचा सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास गेला शेजारच्या बोर्ली पंचतनमधल्या एका गॅरेजात. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. आतून वाफ उसळली नाही. झाकणाखाली दुधाळ चिकटा नाही, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळत नाहीये. गाडीखाली सरकून टॉर्च मारला. सायलेन्सरला गंज आहे, चॅसिस कोरडी. समुद्राकाठी राहिलेली गाडी असेल तर हे पाहायलाच हवं, खारी हवा पत्रा खाते.

मग त्यांनी विचारलं, ‘‘टायमिंग बेल्ट कधी बदललात?’’

सर्व्हिस बुक काढलं. ६१ हजार किलोमीटरपर्यंत सगळे शिक्के, त्यानंतर कोरी पानं. दादाला फोन लावला. ‘‘बदललाय गं. बाहेर केला होता. बिल कुठेतरी असेल.’’

मेस्त्रींनी हात पुसले. ‘‘बिल नाही ना? मग बदललेला नाही असं धरून चाला.’’

प्रकरण गंभीर होतं. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची लय एक रबरी पट्टा सांभाळतो. तो तुटला की चालू इंजिनात दोघे एकमेकांवर आदळतात आणि हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. म्हणून कंपनीने सांगितलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल तेव्हा तो बदलायचा. त्याच्याबरोबर वॉटर पंपही, कारण तोही याच पट्ट्यावर फिरतो.

रात्री झोप आली नाही. बाहेर समुद्राची गाज, आणि माझ्या डोक्यात एका पट्ट्याची.

परतीचा चढ

रविवारी ताम्हिणी चढताना मीच चालवत होते. पुढे एसटी. ओव्हरटेक करायला अॅक्सिलरेटर दाबला, काटा दोन हजारांखाली, गाडी पुन्हा पेंगलेली. ‘‘थांब,’’ बाबा म्हणाले. ‘‘पुढे रुंदी आहे. गिअर आधी टाक, मग विचार कर.’’ दोन वळणांनंतर खरंच रस्ता उघडला. दुसरा गिअर, मोकळा रस्ता, आणि डस्टर झर्रकन पुढे. चढावर चौथ्या गिअरमध्ये क्लचही तपासला. फेरे वाढले तसा वेगही वाढला, म्हणजे क्लच सरकत नव्हता.

पुण्यात पोचून टाकी पुन्हा फुल केली. ३८४ किलोमीटर, साडेबावीस लिटर. म्हणजे लिटरला सतराचं अॅव्हरेज, तेही घाट आणि माणगाव धरून.

सोमवारी दादासमोर डायरी ठेवली. डिस्क, लिंक रॉड, बेल्ट, वॉटर पंप, आणि दोन गॅरेजांची कोटेशन्स. बाबांनी आवाज चढवला नाही, मीही नाही. दादाने पुन्हा एकदा घर उलटंपालटं केलं. बिल मिळालं नाही. चाळीस हजार कमी झाले.

गाडी घरी आणायच्या आधी गॅरेजात नेली. मेकॅनिकने जुना बेल्ट माझ्या हातात ठेवला. कडेला झिजलेला, पण अखंड. ‘‘अजून थोडा चालला असता कदाचित,’’ तो म्हणाला.

‘‘कदाचितच्या भरवशावर घाट उतरत नाहीत,’’ बाबा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

नव्या बेल्टचं बिल आता गाडीच्या कप्प्यात आहे. तारीख आणि किलोमीटरसकट. मी कधी ही डस्टर विकलीच, तर समोरच्याला फोनवर ‘कुठेतरी असेल’ ऐकावं लागणार नाही.

खिशात ठेवा : जुनी डिझेल घेताना

• महिन्याला फिरणं थोडंच आणि तेही शहरातलं असेल, तर डिझेलच्या मोहात पडू नका. पेट्रोल बरी. डिझेल लांबच्या रस्त्यांवर वसूल होते.

• गाडी थंड असताना सुरू करून पाहा, मग चढ, उतार आणि ट्रॅफिक, तिन्हींत चालवा.

• सर्व्हिसची बिलं मागा. शिक्का किंवा बिल नाही, तर काम झालेलं नाही असं धरा आणि किंमत त्या हिशेबाने बोला.

• आरसी, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद, इन्शुरन्स आणि पीयूसी स्वतः तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच. २०१५ ची गाडी म्हणजे २०३० पर्यंत.

• ‘दिल्लीची गाडी, एकदम स्वस्त’ ऐकलं की सावध! तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध हरित लवादाने २०१५ साली आदेश दिल्यापासून अशा बऱ्याच गाड्या बाहेर विकल्या गेल्या. एनओसी, इथली नोंदणी आणि रोड टॅक्स धरून बेरीज करा. स्वस्त राहते का बघा.

• ताम्हिणीत पावसाळ्यात धुकं दाट आणि वीकेण्डची गर्दी त्याहून दाट. गाडी तपासायची असेल तर पहाटे निघा.