दागिना उलटा करून बघा

मंडळी, गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी दोनशे वर्षांपेक्षा जुनी एक वस्तू दहा मिनिटांत बिघडवली. तीही प्रेमाने, कोमट पाण्यात आणि भांडी घासायच्या लिक्विडने. आजचं लिखाण म्हणजे त्या गुन्ह्याचा कबुलीजबाब समजा. :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. दागिन्यांमधलं माझं ज्ञान म्हणजे "छान आहे" आणि "केवढ्याला?" एवढंच. दीड वर्षापूर्वी ऑनसाइट म्हणून लंडनला आलो. लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे बायकोही आली. इथे हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, मग माणूस दुसरं काय करणार? टीव्ही बघतो. बायकोने 'ब्रिजर्टन' बघायला घेतलं. ती मालिका १८१३ च्या लंडनमध्ये सुरू होते, म्हणजे सगळ्या बायका नखशिखांत मढलेल्या. ही प्रत्येक भागात पॉज करून म्हणणार, "खरे दागिने कसे दिसत असतील रे?" दहाव्यांदा ऐकल्यावर ठरवलं, लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला एक खराखुरा जुना दागिना आणायचाच.

पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर एक ब्रोच दिसला. चांदीचा, फुलाच्या आकाराचा, सतरा पांढरे खडे. मी तो हातात घेऊन पुढून न्याहाळायला लागलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढून सगळेच बघतात. उलटा करून बघा."

या एका वाक्याने माझे पुढचे सहा वीकेंड खाल्ले.

आपल्या धंद्यात कसं, स्क्रीन सगळ्यांची चकचकीत असते, पण सिस्टिम कधीची आहे ते आत कोड उघडल्यावर कळतं. दागिन्याचंही तेच आहे. पुढची बाजू नकलेत सहज जमते. मागची बाजू कुणी बघणार नाही असं कारागीर धरून चालतो, म्हणून ती खरं बोलते.

आता थोडा इतिहास (जांभई आली तरी वाचा, पुढे लागणार आहे). १७१४ मध्ये पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला आणि १८३० मध्ये चौथा जॉर्ज वारला. लागोपाठ चार जॉर्ज, म्हणून हा जॉर्जियन काळ. काहीजण तो १८३७ पर्यंत, म्हणजे राणी व्हिक्टोरिया येईपर्यंत ओढतात. तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य करण्याच्या स्थितीत राहिला नाही, तेव्हा १८११ ते १८२० त्याच्या मुलाने रीजंट म्हणून कारभार पाहिला. तो रीजन्सीचा काळ. आपल्याकडे तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचे शेवटचे दिवस चालले होते.

तर या काळातला दागिना ओळखायचा कसा? मी शिकलो ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिली टेस्ट म्हणजे कोंदण. जॉर्जियन दागिन्यात खडा बहुतेक वेळा बंद कोंदणात बसवलेला असतो. मागून बघितलं तर खडा दिसतच नाही, नुसता धातूचा पत्रा. खड्याच्या पाठीशी एक चकाकता पातळ वर्ख ठेवलेला असतो. पुढून आलेला उजेड त्यावर आपटून परत यावा म्हणून. रंगीत खडा असेल तर वर्खही रंगवायचे, म्हणजे फिकट खडा गडद दिसतो. मागून उजेड येईल अशी उघडी कोंदणं साधारण १८०० नंतर वाढत गेली.

दुसरी टेस्ट म्हणजे धातू. पांढरे हिरे सोन्यात बसवले तर पिवळट दिसतात, म्हणून ते चांदीत बसवायचे. पण चांदी काळी पडते आणि कातडीला, कपड्याला डाग देते. म्हणून नंतर नंतर पुढे चांदी आणि मागे सोनं अशी जोडी करायला लागले. प्लॅटिनम दिसलं तर समजायचं की मूळ काम या काळातलं नाही.

तिसरी, पैलू. तेव्हा यंत्रं नव्हती, सगळं हाताने आणि डोळ्याने. म्हणून एकाच दागिन्यातले दोन खडे भिंगाखाली कधीच तंतोतंत सारखे नसतात. एक जरा लांबट, एक जरा तिरका. सगळे खडे अगदी कॉपी-पेस्ट दिसले तर शंका घ्यावी.

चौथी टेस्ट निगेटिव्ह आहे, म्हणून मला सगळ्यात आवडली. तुम्ही म्हणाल शिक्का बघ की. पण जॉर्जियन काळात खडे जडवलेल्या बऱ्याच दागिन्यांना शिक्क्याची सक्ती नव्हती, त्यामुळे शिक्का नसणं हीच सामान्य गोष्ट. उलट ९, १२ किंवा १५ कॅरेटचा इंग्लिश शिक्का दिसला तर तो दागिना जॉर्जियन नाही, कारण ही प्रमाणं तिथे १८५४ मध्येच कायदेशीर झाली. शिक्का असणं हाच बग!

माझ्या ब्रोचने यातल्या बहुतेक परीक्षा पास केल्या. पण सतरा खड्यांत हिरा एकही नव्हता. सगळी काच. मी जरा हिरमुसलो तर बाई हसल्या. म्हणाल्या, ही साधी काच नाही, पेस्ट आहे. शिसं घालून बनवलेली काच, जी हिऱ्यासारखे पैलू पाडून घेते. १७३० च्या दशकात पॅरिसमध्ये श्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने ती इतकी झकास बनवली की श्रीमंत लोकही ती बिनदिक्कत मिरवायला लागले. हिरा कुठल्याही आकारात कापणं परवडत नाही, काच कापता येते. म्हणून पेस्टचे खडे एकमेकांना खेटून, हवे तसे वेडेवाकडे आकार घेऊन बसतात. प्रत्येक खड्याच्या बुडाशी एक बारीक काळा ठिपका रंगवलेला होता. त्या काळच्या हिऱ्याचं टोक बोथट कापलेलं असायचं आणि समोरून ते काळ्या ठिपक्यासारखं दिसायचं, त्याची ही नक्कल.

मागची पिन मात्र नंतरची निघाली. सुरक्षित खटक्याची, विसाव्या शतकातली. म्हणजे जुन्या कोडला कुणीतरी पॅच मारलेला. बाईंनी पावतीवर तसं स्वच्छ लिहूनही दिलं: जॉर्जियन पेस्ट, पिन नंतर बसवलेली. एकशे ऐंशी पौंड. बायको जाम खूश. मीही.

मग आम्हाला नादच लागला. साउथ केन्सिंग्टनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये दागिन्यांचं मोठं दालन आहे, तेही फुकट. (फुकट म्हटल्यावर आम्ही तीनदा गेलो.) तिथे हिऱ्यांपेक्षा मला थांबवलं ते शोकाच्या अंगठ्यांनी. कुणी वारलं की त्याच्या नावाच्या अंगठ्या करून जवळच्यांना द्यायची पद्धत होती. कड्यावर नाव, तारीख, वय. कधी आत त्या माणसाचे केस विणून बसवलेले. मिना बहुतेक काळा असतो. पांढरा असेल तर मेलेला माणूस बहुधा अविवाहित किंवा लहान मूल. हे वाचलं आणि त्यानंतर प्रत्येक पांढऱ्या अंगठीपुढे आम्ही दोघं गप्प होत होतो.

आणि जेन ऑस्टेनची अंगठी. साधं सोन्याचं कडं आणि एक छोटासा निळा फिरोजा. ती घराण्यातच राहिली होती. २०१२ मध्ये लिलावात अमेरिकन गायिका केली क्लार्कसनने ती १,५२,४५० पौंडांना घेतली. ब्रिटिश सरकारने ती देशाबाहेर न्यायला तात्पुरती बंदी घातली, तेवढ्यात चॉटनच्या ऑस्टेन म्युझियमने देणग्या गोळा करून २०१३ मध्ये ती परत मिळवली. अंगठीबरोबर घरातल्याच एका बाईने १८६३ मध्ये लिहिलेली एक चिठ्ठी होती, की ही जेनची. ती चिठ्ठी नसती तर? एक जुनी, बरी, निळ्या खड्याची अंगठी. बास. मी टीममध्ये ओरडून सांगत असतो, डॉक्युमेंटेशन करा रे! आता उदाहरणही मिळालं.

असो. तर तो शनिवार.

ब्रोच जरा मळका वाटत होता. लहानपणी आई रिठ्याच्या पाण्यात सोन्याच्या बांगड्या टाकायची आणि जुन्या ब्रशने घासून लख्ख करायची, ते डोक्यात पक्कं बसलेलं. रिठे नव्हते, भांड्यांचं लिक्विड होतं. बायको झोपलेली, म्हटलं उठेपर्यंत सरप्राइज देऊ. वाडग्यात कोमट पाणी, दहा मिनिटं भिजत, मग हलक्या हाताने ब्रश. चांदी सुंदर निघाली. आणि दुपारपर्यंत एक खडा राखाडी झाला. मग दुसरा. मग तिसऱ्याच्या कडेने सावली चढायला लागली.

मी काय केलं असेल? मोबाइल पाण्यात पडल्यावर करतात तेच. ब्रोच तांदळाच्या डब्यात पुरला. हसू नका.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला तांदळातून काढून ब्रोच दाखवला. तिने चष्मा वर केला, म्हणाली, "मागून दाखव." (!) मागून दाखवला.

"अरे गाढवा, हे बंद कोंदण आहे. आत वर्ख असणार. याला पाणी लावतात का?"

"पण तूच तर रिठ्याच्या पाण्यात..."

"ते बांगड्यांना. माझ्या लग्नातल्या कुंदनाच्या सेटला कधी पाणी लावलेलं पाहिलंस? तीस वर्षं मलमलीत गुंडाळून कोरडा ठेवलाय. वरून सेंटसुद्धा मारायचं नाही."

मी सहा वीकेंड म्युझियमं पालथी घालून जे शिकलो, ते आईला एका नजरेत कळलं. जॉर्जियन हा शब्दही तिला माहीत नाही. पण कुंदनाचं कामही त्याच जातीचं. लाखेवर बसवलेला खडा, मागे चकाकता वर्ख, कडेने दाबलेलं शुद्ध सोनं. तंत्र वेगळं, पण उजेड परतवायची युक्ती तीच आणि पाण्याचं वैरही तेच. वर्खापर्यंत ओल पोचली की तो काळवंडतो आणि खड्याच्या मागचा आरसा जातो. खड्याला काहीच झालेलं नसतं. तो फक्त आंधळा होतो.

वाईट अशाचं वाटलं, की दोनशे वर्षांत हा ब्रोच ज्यांच्या ज्यांच्या हातात गेला, त्या सगळ्यांनी तो कोरडा ठेवला होता. साखळी माझ्यापाशी तुटली. कारण काय, तर मला तो नव्यासारखा करायचा होता.

या "नव्यासारखा" शब्दाने किती दागिने खाल्लेत याला हिशोब नाही. जॉर्जियन दागिने आज कमी उरलेत ते मुख्यतः यामुळेच. फॅशन बदलली की मोडायचे, सोनं वितळवायचं, हिऱ्यांना पुन्हा पैलू पाडायचे. आपला नाशिकचा हिरा आठवा. त्र्यंबकेश्वरचा म्हणून सांगतात तो. १८१८ मध्ये बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला आला. रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे तो गेला. तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. त्यांनी त्याला नवीन पैलू पाडले, ८० च्या आसपास उरला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापला, ४३.३८ कॅरेट. झगमगाट वाढला असेल. पण बाजीरावाने पाहिलेला हिरा आता कुठेच नाही.

पुढच्या शनिवारी मान खाली घालून पोर्टोबेलोला गेलो. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कारागीर कोंदण उघडून नवा वर्ख घालू शकतो. पण उघडताना शेजारचे खडे दुखावू शकतात, आणि जुना वर्ख कायमचा जातो. घरी येऊन बायकोला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "नको. आता पुरे झालं."

परवा रात्री तिने ब्रोच निळ्या शालीला लावला आणि घरातले सगळे दिवे घालवले. चार मेणबत्त्या लावल्या. (चारच, स्मोक अलार्मची भीती.) खरं सांगतो, ट्यूबलाइटखाली तो ब्रोच नुसती चांगली काच दिसायचा. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ती हलली की चौदा खडे आतून पेटल्यासारखे दिसायचे, वेगवेगळ्या वेळी, कारण प्रत्येकाचा पैलू वेगळा. हे दागिने याच उजेडासाठी बनवले होते. एलईडीचा त्यांचा काही संबंध नाही.

आणि मध्ये दोन काळे, एक अर्धवट. ते माझे.

आईने सांगितल्याप्रमाणे ब्रोच आता मलमलीत आहे. सोबत एक चिठ्ठी ठेवलीय: कुठे घेतला, केवढ्याला, पिन कधीची, आणि तीन खडे कुणी, कसे बिघडवले. तारखेसकट. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला निदान कळेल तरी.

तर मंडळी, घरात आजीची, पणजीची एखादी जुनी कुडी असेल, तर आज जरा उलटी करून बघा. बंद कोंदण असेल तर पाण्यापासून लांब ठेवा. आणि धुवायची खुमखुमी आलीच, तर आधी आईला फोन करा.